नोकरीच्या मुलाखतीत उत्तर कसं द्यावं: अंबड-सातपूरला पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

नाशिकच्या अंबड एमआयडीसीतल्या आमच्या कारखान्यात मुलाखती असल्या की एचआरच्या मॅडम मला क्वालिटीतून बोलावून घेतात. सकाळभरात दहा-बारा पोरं-पोरी येतात. आयटीआयवाले, डिप्लोमावाले, कधी स्टोअर्स नाहीतर अकाउंट्ससाठी बी.कॉम. झालेले. पहिला प्रश्न ठरलेला असतो, ‘तुमच्याबद्दल सांगा.’ उत्तरही बहुतेकांचं ठरलेलंच. ‘माय नेम इज अमुक, आय ॲम फ्रॉम निफाड, माय हॉबीज आर लिसनिंग म्युझिक अँड प्लेइंग क्रिकेट, माय स्ट्रेंथ इज हार्ड वर्क.’ तिसऱ्या वाक्याला मॅडमचं लक्ष पुढच्या बायोडेटाकडे गेलेलं असतं.

हसण्याचा अधिकार मला नाही. २००९ साली सातपूरच्या एका कारखान्यात मीही हेच पाठ करून गेलो होतो. डिप्लोमाचा प्रोजेक्ट आम्ही चौघांनी वर्गणी काढून तयार विकत आणला होता. समोरच्या साहेबांनी बायोडेटा पाहिला आणि सहज विचारलं, ‘तुमच्या त्या गिअरला दात किती होते?’ मी म्हणालो, ‘सर, तो भाग पार्टनरनं केला.’ पाच मिनिटांत मी पपया नर्सरीच्या स्टॉपवर बसची वाट बघत उभा होतो. दात किती हे त्यांना मोजायचं नव्हतं, हे डोक्यात शिरायला मला टेबलाच्या पलीकडच्या बाजूला बसावं लागलं.

पलीकडे बसलेल्या माणसाची एक जागा रिकामी असते. ती चुकीच्या माणसानं भरली तर रिजेक्शन, रिवर्क आणि बोलणी त्यालाच खावी लागतात, त्यामुळे त्याच्या प्रत्येक प्रश्नाच्या पोटात एक काळजी असते. ह्याला काम येतं का? हा टिकेल का? चूक झाली तर सांगेल की दडवेल? प्रश्न कसाही आला तरी आधी त्यामागची काळजी ओळखायची आणि उत्तर त्या काळजीला द्यायचं. पुढचं सगळं ह्याच धाग्यावर आहे.

१. आदल्या दिवशी: जाहिरात फोडून वाचा

जाहिरात मोबाइलवर एकदा वाचून सोडून देऊ नका, वहीत उतरवा. ‘सीएनसी ऑपरेटर, फॅनक कंट्रोल, ड्रॉइंग वाचता यावं, तिन्ही शिफ्टची तयारी’ एवढी एक ओळ असली तर तिच्यात चार प्रश्न आहेत. प्रत्येक शब्दासमोर आपल्याकडे काय आहे ते लिहा. फॅनक म्हणजे सीएनसीचा, संगणकावर चालणाऱ्या मशीनचा, कंट्रोल. तो चालवलेला नसेल आणि आयटीआयत सीमेन्सच्या कंट्रोलवर हात बसला असेल तर तेच लिहा. उद्या तोंडातून तेच निघायला हवं.

मग कंपनी. ती काय बनवते आणि तिचा माल कुणाकडे जातो, एवढं तरी माहीत हवं. नाशिकमध्ये हे शोधणं अवघड नाही. सातपूरला महिंद्राचा कारखाना आहे, सिएटचे टायर आहेत, डिझेल इंजिनाचे इंजेक्टर बनवणारी बॉश आहे. अंबड-सातपूरचे कितीतरी छोटे गाळे अशाच मोठ्या कारखान्यांना सुटे भाग पुरवतात. बॉशचं उदाहरण मुद्दाम देतो. २००८ पर्यंत ती कंपनी ‘मायको’ होती आणि आपण अजूनही मायको सर्कलच म्हणतो. रोज त्या सर्कलवरून जाणाऱ्या पोराला हे नाव कुठून आलं ते ठाऊक नसतं. एखाद्या गाळ्यात मुलाखतीला जाताना ‘तुमचा माल कुठल्या गाडीत लागतो ते मी बघून आलोय’ असं कुणी म्हणालं तर मालक खुर्चीत सावरून बसतो, हे मी पाहिलंय.

पत्ताही आदल्या दिवशीच बघून ठेवा. एमआयडीसीत प्लॉट नंबर ओळीनं सापडतील ह्या भ्रमात राहू नका. गेटवर सिक्युरिटी रजिस्टरमध्ये नोंद करून पास देते, त्यात दहा-पंधरा मिनिटं जातात. ओळखपत्र जवळ ठेवा. अकराची वेळ असेल तर साडेदहाला गेटवर.

२. पाच प्रसंगांची वही

सगळ्यात जास्त वेळ इथे घाला. पाठ केलेलं उत्तर एकाच प्रश्नाला चालतं. खरा घडलेला प्रसंग पाच प्रश्नांना चालतो. वहीची पाच पानं घ्या आणि प्रत्येकावर एक प्रसंग लिहा: काहीतरी बिघडलं आणि दुरुस्त केलं, कुणाशी पटलं नाही, माझी चूक झाली, वेळ कमी होता, नवीन काही शिकलो.

‘आम्ही फ्रेशर, आमच्याकडे कुठले प्रसंग?’ हे रडगाणं दर वेळी ऐकतो. वडिलांबरोबर टोमॅटोचे क्रेट घेऊन पिंपळगावला गेलाच असाल ना? वाटेत गाडी पंक्चर झाली, लिलावाची वेळ जवळ आली, तेव्हा काय केलंत? मंडळाच्या गणपतीचा हिशेब कुणी ठेवला? मावशीच्या दुकानात दिवाळीत गल्ल्यावर कोण बसलं? ही सगळी कामंच आहेत. पगार मिळाला नाही म्हणून ती काम नव्हती असं होत नाही.

प्रत्येक प्रसंग चार वाक्यांत बसवा. परिस्थिती काय होती, त्यात माझ्यावर काय होतं, मी नेमकं काय केलं, शेवटी काय झालं. तिसरं वाक्य सगळ्यात लांब असू द्या, बाकीची आखूड. बहुतेक जण उलटं करतात. परिस्थिती सांगण्यात तीन मिनिटं घालवतात आणि ‘मग आम्ही ते सॉल्व्ह केलं’ म्हणून मोकळे होतात.

ह्या ‘आम्ही’नं पुष्कळ नोकऱ्या घालवल्यात. ‘मी मी करू नये’ असं आपल्याला लहानपणापासून शिकवलेलं असतं. पण पलीकडचा माणूस चौघांना नोकरी देणार नसतो, तुम्हाला एकट्याला देणार असतो. स्टोअर्सच्या जागेसाठी एक मुलगी आली होती. ‘आम्ही स्टॉक मोजला, आम्हाला फरक सापडला’ असं सांगत होती. मॅडमनी विचारलं, ‘त्यात तुम्ही काय केलंत?’ तेव्हा ती म्हणाली, ‘फरक मीच काढला मॅडम. दोन कप्प्यांच्या बिन कार्डांवर, म्हणजे साठ्याच्या नोंदीवर, एकाच पार्टचे दोन कोड होते.’ हे तिनं आधीच सांगायला हवं होतं. प्रत्येकाला कुणी पुन्हा विचारत बसत नाही.

३. ‘तुमच्याबद्दल सांगा’

दीड मिनिट, त्याहून जास्त नको. नाव आणि गाव बायोडेटात आहे, आईवडिलांची नावंही आहेत. सांगायचं ते इतकंच: आत्ता मी काय करतो, त्यातलं कुठलं काम तुमच्या जाहिरातीशी जुळतं, आणि इथे का आलो. उदाहरणार्थ:

‘सर, मी दिंडोरीचा. आयटीआय मशिनिस्ट झालो, मग एक वर्ष सिन्नरच्या एका कारखान्यात अप्रेंटिस होतो. तिथे सहा महिने टर्निंग सेंटरवर शाफ्टचं काम केलं. शेवटचे दोन महिने सेटिंगला सिनियरबरोबर उभा राहत होतो. पूर्ण सेटिंग एकट्यानं अजून केलेलं नाही, पण ऑफसेट (हत्याराच्या जागेची बारीक दुरुस्ती) देणं आणि पहिला पीस तपासणं मी करत होतो. तुमच्या जाहिरातीत सेटर-कम-ऑपरेटर आहे, मला तेच शिकायचंय.’

ह्यात ‘पूर्ण सेटिंग एकट्यानं अजून केलेलं नाही’ हे वाक्य काढून टाकावं असं वाटेल. काढू नका. बाकीची वाक्यं खरी आहेत ह्याची खात्री ह्याच वाक्यानं पटते.

भाषेचं म्हणाल तर नाशिकच्या बऱ्याच कारखान्यांत साहेब बाहेरचे असतात, मुलाखत हिंदी-इंग्रजीत सुरू होते. इंग्रजीत अडखळत तीन वाक्यं बोलून गप्प बसण्यापेक्षा सरळ विचारा, ‘सर, टेक्निकल मैं हिंदी में बता दूँ तो चलेगा?’ शॉपफ्लोअरच्या जागेला नाही म्हणणारा मी तरी अजून पाहिलेला नाही. ऑफिसच्या किंवा ग्राहकाशी बोलायच्या जागेला मात्र इंग्रजीची तयारी करूनच जा. तिथे ते कामाचाच भाग असतं.

४. टेक्निकल प्रश्न: हात काय करतात ते सांगा

आमच्याकडे टेबलावर एक व्हर्निअर, म्हणजे बारीक मापं घ्यायचं हत्यार, आणि लेथवर टर्न केलेली एक पिन ठेवलेली असते. ‘व्हर्निअरचा लीस्ट काउंट किती?’ म्हणजे त्यावर कमीत कमी किती माप वाचता येतं, असं विचारलं की सगळेच ‘शून्य पूर्णांक शून्य दोन एमएम’ म्हणून टाकतात. मग मी व्हर्निअर हातात देतो आणि म्हणतो, मोजा. तिथे गळती सुरू होते.

एका पोरानं काय केलं ते सांगतो. त्यानं आधी दोन्ही जबडे बोटानं पुसले. मग ते बंद करून उजेडाकडे धरले, शून्यावर शून्य बसतंय का बघितलं. पिनेवर बर, म्हणजे कापताना राहिलेली धातूची धार, होता, तिकडून न मोजता पिन फिरवून मोजली. दोन ठिकाणी मोजली. मग म्हणाला, ‘मेन स्केल चोवीस, अठरावी रेघ जुळतेय. अठरा गुणिले शून्य पूर्णांक शून्य दोन म्हणजे शून्य पूर्णांक छत्तीस. चोवीस पूर्णांक छत्तीस.’ त्याचं उत्तर बरोबर होतं, पण ते यायच्या आधीच माझं ठरलं होतं. जो न सांगता जबडे पुसतो त्याचं इन्स्पेक्शन रिपोर्टवरचं रीडिंग खरं असतं.

सगळ्या मुलाखतींत हत्यार हातात मिळत नाही. तेव्हा बोलण्यातून हात दाखवायचे. फाइव्ह एस ही कामाची जागा नीटनेटकी ठेवायची पद्धत. ‘फाइव्ह एस म्हणजे काय’ ह्याला पाच जपानी शब्द म्हणून दाखवलेत तर पाठांतर कळतं. ‘आमच्या रॅकवर प्रत्येक टूलच्या आकाराची जागा रंगवलेली होती, सुटीच्या वेळी एक जागा रिकामी दिसली की शोधायचो’ म्हणालात तर काम कळतं.

अकाउंट्सवाल्यांचंही तेच. जीएसटी म्हणजे काय ह्याची व्याख्या कुणाला नको असते. ‘दर महिन्याला रिटर्न असेल तर विक्रीच्या बिलांचं जीएसटीआर-१ अकरा तारखेला, कर भरायचं ३बी वीस तारखेला. म्हणून मी दहाच्या आत सेल्सची बिलं टॅलीत चढवून रजिस्टरशी ताळा घेत होते,’ असं सांगितलं की महिन्याचं कॅलेंडर डोक्यात आहे हे दिसतं.

येत नसेल तर? ‘माहीत नाही’ एवढ्यावर थांबू नका आणि फेकू तर अजिबात नका. फेकलेलं ओळखायला आम्हाला एकच उपप्रश्न पुरतो. जवळचं जे येतं तिथपर्यंत जा: ‘सर, सीएमएम (मोजमापाचं मोठं मशीन) मी चालवलेलं नाही. हाइट गेजवर काम केलंय. सीएमएमचा रिपोर्ट आला की ड्रॉइंगशी जुळवून बघायचो.’ दोन सेकंद विचार करायला थांबलात तरी काही बिघडत नाही. प्रश्न कळला नसेल तर पुन्हा विचारा.

५. ‘तुमची चूक सांगा’, ‘तुमचा वीक पॉइंट काय?’

‘मी परफेक्शनिस्ट आहे’, ‘मी जरा जास्तच काम करतो’ ही उत्तरं मेलेली आहेत. त्यांना आता पुरून टाका.

मागच्या पावसाळ्यात एक अप्रेंटिस झालेला मुलगा आला होता. चूक सांग म्हटल्यावर जरा घुटमळला आणि म्हणाला, ‘सर, सतरा पीस घालवलेत मी.’ मी पेन खाली ठेवलं. बोअरिंगचा इन्सर्ट, म्हणजे भोक कापणारं बदलता येणारं पातं, झिजत जातो तसा बोअर, म्हणजे ते भोक, लहान येत जातो, म्हणून ऑपरेटर वेअर ऑफसेट थोडा थोडा वाढवत नेतो. त्यानं इन्सर्ट नवीन लावला, पण जुना ऑफसेट काढायचा राहिला. बोअर मोठा झाला. लहान बोअर पुन्हा मोठा करता येतो, मोठा झालेला लहान करता येत नाही. म्हणजे सगळे स्क्रॅप. सतराव्या पीसला त्यानं प्लग गेज, म्हणजे भोक तपासायची दांडी, घातला तर ‘नो-गो’ची, आत जायला नको ती बाजूसुद्धा सरळ आत गेली.

‘मग?’ मॅडमनी विचारलं.

‘मशीन बंद केलं. सतराही पीस वेगळे करून लाल बिनमध्ये टाकले, वर कागद लावला आणि सुपरवायझरला जाऊन सांगितलं. ते खूप बोलले. नंतर मी मशीनच्या दारावर खडूनं लिहून ठेवलं होतं, इन्सर्ट बदलला की ऑफसेट बघ, पहिला पीस मोज. अजून असेल ते.’

सतरा पीस घालवणाऱ्याला आम्ही घेतलं. त्याच दिवशी आलेला, ‘माझ्या हातून आजवर काही चूक झालेली नाही’ म्हणणारा एकजण आम्ही घेतला नाही. क्वालिटीवाल्याला सगळ्यात जास्त भीती गपचूप चांगल्या मालात मिसळलेल्या पीसची असते. तो ग्राहकाच्या लाइनवर जाऊन सापडतो.

चूक निवडताना मात्र तारतम्य ठेवा. ती खरी हवी, कामातली हवी, आणि तिच्यानंतर तुम्ही काहीतरी बदललेलं हवं. ‘मला राग लवकर येतो’, ‘सकाळी उठवत नाही’ असले कबुलीजबाब घरीच ठेवा.

६. ‘टिकाल का?’ ह्या प्रश्नाची अनेक रूपं

हा प्रश्न सरळ कधीच येत नाही. नाशिकमध्ये तो बहुतेक वेळा असा येतो: ‘घरी शेती आहे का? द्राक्ष आहे?’ बाहेरगावच्या साहेबांनाही एव्हाना कळलंय की एप्रिलमध्ये खरड छाटणी असते, ऑक्टोबरमध्ये गोडी छाटणी, आणि जानेवारीनंतर माल निघायला लागला की दिंडोरी-निफाडची पोरं आठ-आठ दिवस गायब होतात. ‘नाही सर, शेतीशी माझा संबंध नाही’ हे खोटं तुमच्या पत्त्यावरूनच कळतं. ‘द्राक्ष दोन एकर आहे, भाऊ आणि वडील बघतात. छाटणीला मला रविवारी जावं लागतं, एखादी रजा लागली तर आधी सांगून घेईन’ हे उत्तर पटतं.

‘पुण्याला जास्त पगार मिळाला तर?’ ह्याला जन्मभराच्या निष्ठेची शपथ घेऊ नका. घर इथे आहे, रोजचा खर्च इथे कमी आहे, आणि पहिली दोन वर्षं काम शिकण्यात घालवायची आहेत, एवढं खरं असेल तर तेच सांगा.

एटीकेटी लागली, वर्ष गेलं, मध्ये दोन वर्षं रिकामी आहेत, तर एका वाक्यात कारण आणि दुसऱ्या वाक्यात नंतर काय केलं. ‘दुसऱ्या वर्षी एम-थ्री, गणिताचा पेपर, राहिला, वर्ष गेलं. त्या वर्षी दुपारी मामाच्या वर्कशॉपमध्ये वेल्डिंग शिकलो.’ संपलं. गाइडनं मुद्दाम नापास केलं, पेपर तपासणाऱ्याचा डूख होता वगैरे पुराण सुरू केलंत की समोरच्याला उद्याची भांडणं दिसायला लागतात. आधीच्या कंपनीबद्दल वाईट बोलणंही ह्यातच आलं.

मुलींना ‘लग्नानंतर काय?’ असं अजूनही विचारतात. विचारू नये, पण विचारतात. मुलांना कधी विचारलेलं मी ऐकलं नाही. वाद घालायचा की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा. नोकरी हवीच असेल तर ‘मी नोकरी करणार हे घरी ठरलेलं आहे’ एवढं बोलून थांबा. घरचा सगळा पाढा वाचायची गरज नाही.

७. पगाराचं बोलणं

‘अपेक्षा किती?’ आल्यावर ‘कंपनी देईल ते’ म्हणू नका. त्या कामाचा आपल्या भागात काय पगार चाललाय ते दोन-तीन ओळखीच्यांना आधी विचारून ठेवा आणि आकडा सांगा. आणि सीटीसी, म्हणजे कंपनीचा तुमच्यावर होणारा एकूण खर्च, व हातात येणारा पगार ह्यांत गल्लत करू नका. महिन्याला २५,००० सीटीसी आणि त्यात बेसिक १२,५०० धरलं तर कंपनीच्या वाट्याचा पीएफ १२ टक्के म्हणजे १,५००, ग्रॅच्युइटीचे साधारण ४.८१ टक्के म्हणजे ६०१, हे आधीच सीटीसीत धरलेले असतात. उरले २२,८९९. त्यातून तुमच्या वाट्याचा पीएफ १,५०० आणि प्रोफेशन टॅक्सचे २०० (मुलींना एवढ्या पगारावर तो लागत नाही) गेले की हातात २१,१९९. बोनस किंवा कँटीन सीटीसीत धरलं असेल तर आणखी कमी. म्हणून विचारायचा प्रश्न असा: ‘मॅडम, हा आकडा सीटीसी आहे की इन-हँड? ओव्हरटाइम वेगळा मिळतो का?’ ह्यात लाजण्यासारखं काही नाही.

आणि कुणी एजंट किंवा कन्सल्टन्सी ‘आधी डिपॉझिट भरा, नोकरी पक्की’ म्हणाली तर तिथून उठा.

८. ‘तुम्हाला काही विचारायचंय?’

‘नो सर’ म्हणून उठू नका. एक-दोन प्रश्न वहीत लिहूनच न्या. पहिले तीन महिने मी कुणाच्या हाताखाली असेन? ह्या जागेवरचा आधीचा माणूस कुठे गेला, बढती मिळाली की सोडून गेला? हा दुसरा प्रश्न मला फार आवडतो, कारण त्याचं उत्तर देताना आम्हालाच सांभाळून बोलावं लागतं.

मुलाखत फोनवर किंवा व्हिडिओवर असेल तर नेटवर्क आदल्या दिवशी त्याच जागी बसून तपासा, आणि घरच्यांना सांगून ठेवा. माझ्यासमोर एकदा एका मुलाच्या मागून आजी ‘अरे, चहा घेतोस का’ म्हणत आल्या. मुलगा गोंधळला, आम्ही हसलो. आजीमुळे काही बिघडलं नाही, पण पुढच्या दोन प्रश्नांना तो तिथेच अडकून राहिला.

बाहेर पडलात की गेटसमोरच्या टपरीवर चहा घ्या आणि विचारलेले सगळे प्रश्न वहीत उतरवा. न आलेल्यांखाली रेघ मारा. घरी गेलात की निम्मे विसराल. संध्याकाळी ज्यांनी बोलावलं होतं त्यांना एक मेसेज टाका. इंग्रजीची कसरत नको, असा साधा चालतो: ‘नमस्कार मॅडम, आज अकराला क्वालिटी इन्स्पेक्टरच्या जागेसाठी आलो होतो. सीएमएमबद्दल विचारलेलं मला सांगता आलं नव्हतं, घरी येऊन वाचलं. निकाल साधारण कधीपर्यंत कळेल?’ आठवडाभर उत्तर नाही आलं तर एकदा फोन करा, शक्यतो दुपारी तीन-चारच्या दरम्यान. सकाळी फर्स्ट शिफ्टची हजेरी लागेपर्यंत एचआरचा फोन कुणी उचलत नाही.